जिवंतपणी स्वतःची अंत्ययात्रा: लोणावळ्यातील एक साधनागृह आणि मृतांचे स्मरण

🧵 थ्रेड

१/
१९७८ नंतरचे लोणावळे. एका खोलीत काही धर्मगुरू आणि धर्मभगिनी डोळे मिटून बसल्या आहेत. समोर बसलेला शिक्षक संथ आवाजात सांगतो आहे : तुमचा देह शवपेटीत आहे. पेटी चर्चमध्ये वेदीसमोर ठेवली आहे. आता आपल्याच चेहऱ्याकडे नीट पाहा. मग बाकांवर बसलेल्यांकडे वळा. कोण कोण आले आहे?

२/
हा शिक्षक म्हणजे फादर अँथनी डिमेलो, मुंबईत जन्मलेले येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, धर्मगुरू. वर सांगितलेला प्रयोग त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकात छापलेला आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी रोमने त्यांच्या लेखनावर एक कठोर सूचना काढली. त्या सूचनेतील एक आक्षेप थेट मृत्यूनंतरच्या गतीविषयी होता.
मरणाचा इतका विचार करणाऱ्या माणसावर हा आक्षेप का यावा, हे समजून घ्यायचे तर आरंभ घाटापासून करावा लागतो.

३/
खंडाळा आणि लोणावळा ही जोडगावे आज धबधबे, धुके आणि चिक्कीसाठी ओळखली जातात. पण मुंबईच्या ख्रिस्ती धर्मसंघांसाठी ती दीर्घकाळ निराळ्या कारणाने जवळची होती. दमट किनाऱ्यावर वर्षभर शाळा, महाविद्यालये आणि धर्मग्रामे चालवणाऱ्यांना काही दिवस मौनात जाण्यासाठी जागा हवी असे. घाटमाथा थंड होता आणि रेल्वेने काही तासांत गाठता येत होता. विश्रांतिगृह आणि एकांतगृह अशी दुहेरी कामगिरी बजावणारे ‘व्हिला’ येथे उभे राहिले ते यामुळेच.

४/
त्या रेल्वेचाही एक मृत्युलेख आहे, जो कोणी लिहिला नाही. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी हजारो मजुरांचा बळी घेतला.
ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. हे नाव इतिहासाला ठाऊक आहे. डोंगर फोडणाऱ्यांची नावे मात्र ठाऊक नाहीत. खंडाळ्याच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा आपण अशा माणसांच्या कामातून जात असतो ज्यांच्यासाठी एक दगडही उभा नाही.

५/
नाव न उरलेल्या मृतांचे काय करायचे, हा प्रश्न कॅथलिक परंपरेपुढे फार जुना आहे. तिने त्यावर दिनदर्शिकेतून उत्तर दिले आणि लागोपाठचे दोन दिवस राखून ठेवले.
१ नोव्हेंबर : सर्व संतांचा सण.
२ नोव्हेंबर : सर्व मृतांचे स्मरण.
दुसऱ्या दिवसाची प्रथा इ.स. १००० च्या आगेमागे फ्रान्समधील क्लूनी मठाचा मठाधिपती ओदिलो याने आपल्या मठांत रूढ केली आणि तेथून ती युरोपभर पसरली.

६/
पहिला दिवस केवळ प्रसिद्ध संतांचा नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याला स्वतःचा सण आहे, मूर्ती आहे, चर्च आहे. परंतु आयुष्यभर आजाऱ्याची शुश्रूषा केलेली एखादी वसईकर आजी? तिची चौकशी रोममध्ये कधीच होणार नाही. १ नोव्हेंबर तिचाही आहे.
पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या पत्रात ‘शेजारच्या घरातील संत’ ही कल्पना मांडली तेव्हा अनेकांना ती नवी वाटली. सणाच्या रूपाने मात्र ती हजार वर्षांहून अधिक काळ दिनदर्शिकेत होतीच.

७/
दुसरा दिवस अधिक जिव्हाळ्याचा. वसई, मुंबई, पुणे, जेथे जेथे कॅथलिक वस्ती आहे तेथे त्या दिवशी दफनभूमी उजळते. कबरी धुतात, शेवंती-झेंडूची फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतो. मिस्सासाठी घरातील मृतांच्या नावांची चिठ्ठी पाकिटात घालून देण्याची रीत आहे. कधी ती यादी एवढी लांब होते की तिच्यात कुटुंबाचा अर्धा इतिहास मावतो.

८/
या रीतीमागे एक सिद्धान्त आहे. मेलेला माणूस नाहीसा होत नाही. तो ‘तोच’ राहतो. त्याला शुद्धिस्थानातून पुढे जायचे असते आणि जिवंतांची प्रार्थना त्याला तेथे उपयोगी पडते. प्रॉटेस्टंट सुधारकांनी हे नाकारले, तेव्हा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले.
पहिल्या महायुद्धात मृतांचे ढीग पडत होते. १९१५ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. मेणबत्ती लावणे म्हणजे, या दृष्टीने, एका विशिष्ट व्यक्तीला हाक मारणे.
ही ‘विशिष्ट व्यक्ती’ लक्षात ठेवा. पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

९/
आता येशूसंघाकडे. या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने साधकांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. ते वाचायचे नसून करायचे पुस्तक आहे. त्यात दिवसातून दोनदा स्वतःच्या वागण्याची तपासणी आहे. डोळ्यांपुढे प्रसंग उभा करून त्यात शिरण्याची रीत आहे. आणि मोठा निर्णय घेण्यापूर्वीची एक कसोटी आहे : तू मरणशय्येवर आहेस असे समज. त्या क्षणी, आज कोणता निर्णय घेतला असता तर बरे झाले असते, असे तुला वाटेल?
हा हिशेब थंड डोक्याचा आहे. त्यात भीती दाखवण्यापेक्षा निवड स्वच्छ करण्याचा हेतू अधिक आहे.

१०/
अँथनी डिमेलो यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत, गोव्याकडच्या मुळांच्या कुटुंबात झाला. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत शिक्षण झाले. १९४७ मध्ये, म्हणजे देश स्वतंत्र होत असताना, अंधेरीच्या विनयालयात ते येशूसंघात दाखल झाले.
१९५२ मध्ये ते तत्त्वज्ञान शिकण्यासाठी बार्सिलोनाला गेले. स्पेनमध्ये होसे काल्वेरास या जाणकार गुरूच्या हाताखाली त्यांनी इग्नेशियसची साधना केली. पुढे पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयात धर्मशास्त्र, १९६१ मध्ये धर्मगुरुपद, त्यानंतर शिकागोत मानसशास्त्र आणि रोममध्ये अध्यात्मशास्त्र.
थोडक्यात, कोणाला बंडखोर वाटावा असा हा प्रवास नव्हता. संघाने घडवलेला, संघानेच पाठवलेला माणूस होता.

११/
१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी पुण्यात धर्मगुरू-धर्मभगिनींना समुपदेशन आणि ध्यान शिकवणारी संस्था सुरू केली. पुढे ‘साधना’ या नावाने ती ओळखली गेली आणि १९७८ मध्ये लोणावळ्याला हलली. त्याच वर्षी ‘साधना’ हे पुस्तकही आले. ‘पौर्वात्य रूपातील ख्रिस्ती साधना’ अशा आशयाचे त्याचे उपशीर्षक होते.
गुजरातमधील आणंदच्या येशूसंघीय प्रकाशनाने काढलेली त्यांची पुस्तके पुढे जगभरच्या भाषांत गेली.

१२/
पुस्तकाचा पहिला भाग मौन, श्वास आणि शरीराच्या जाणिवेचा आहे. एका बौद्ध शिबिरात दिवसचे चौदा चौदा तास केवळ श्वासाकडे लक्ष देत बसल्याचा अनुभव डिमेलो त्यात नोंदवतात. दुसरा भाग कल्पनाचित्रांचा, तिसरा भक्तीचा.
मरणाचे प्रयोग मधल्या भागात आहेत. सलग येतात. शरीराचा निरोप घेणे. स्वतःची अंत्यविधी पाहणे. प्रेताचे ध्यान.

१३/
अंत्यविधीच्या प्रयोगात साधक एकेका बाकापाशी थांबतो आणि तेथे बसलेल्याच्या मनात काय चालले आहे ते पाहतो. प्रवचन ऐकतो. प्रवचन देणारा आपल्याविषयी चांगले बोलतो आहे. ते स्वीकारता येते का? नाही तर कोणत्या वाक्याला मन अडखळते? (येथे बहुतेकांची परीक्षा होते. निंदा पचवण्यापेक्षा स्तुती पचवणे अवघड जाते.)
मग सगळे घरी जातात. साधक कबरीपाशी एकटाच उरतो आणि आयुष्याकडे वळून पाहतो.
शेवट महत्त्वाचा आहे. साधकाला परत खोलीत आणले जाते आणि जाणवून दिले जाते की तू जिवंत आहेस, अजून वेळ आहे. तीच माणसे आता पुन्हा पाहा.

१४/
तिसरा प्रयोग मूळचा बौद्ध. आपलेच प्रेत थंड पडते, निळे होते, फुटते, कुजते. हाडांचा सापळा राहतो, मग हाडांचा ढीग, शेवटी मूठभर धूळ. अशा नऊ पायऱ्या.
हे वाचून एखादा कॅथलिक वाचक दचकत असेल, यात नवल नाही. पण लोणावळ्याच्या भूगोलात हे ध्यान परके नव्हते. पुण्याच्या दिशेने काही मैल गेले की मळवलीजवळ भाजे लेणी लागतात.

१५/
भाज्याची लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकापासूनची आहेत. चैत्यगृहाची कमान सर्वांच्या छायाचित्रांत असते. तिच्यापासून थोड्या अंतरावर असलेल्या १४ लहान स्तूपांच्या समूहापुढे मात्र फार थोडे लोक थांबतात. पाच स्तूप खडकाच्या आत, नऊ बाहेर. तेथेच राहून तेथेच निवर्तलेल्या भिक्षूंची ही स्मारके. काहींवर नावे कोरली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन.
मावळातील मृतांची ही फार जुनी हजेरी आहे. ज्या परंपरेने देह धूळ होताना पाहायला शिकवले, तिलाही आपल्या थोरांची नावे दगडावर ठेवावीशी वाटली. या विसंगतीत एक माणूसपण आहे.

१६/
भूगोलाचा आणखी एक धागा. इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावते आणि देहू-आळंदीकडे वाहत जाते. आळंदीला ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. देहूच्या तुकोबांचा, आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचा अनुभव सांगणारा अभंग मराठी माणसाला ठाऊक असतो.
डिमेलो यांनी तो अभंग समोर ठेवून प्रयोग रचला, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. इग्नेशियसची मरणशय्या, भिक्षूंचे प्रेतध्यान आणि तुकोबांचा अनुभव या तीन स्वतंत्र वाटा एका नदीच्या खोऱ्यात जवळ आल्या, एवढे पुरेसे आहे.

१७/
‘साधना’मधील सर्वांत साधी गोष्ट एका रिकाम्या खुर्चीची आहे. धर्मगुरू एका आजाऱ्याला भेटायला जातो. पलंगाशेजारी रिकामी खुर्ची असते. आजारी सांगतो : प्रार्थना जमत नव्हती, मग एका मित्राने सुचवले की समोर खुर्ची ठेव, येशू तिच्यात बसला आहे असे समज आणि त्याच्याशी बोल. तेव्हापासून तो बोलतो आहे. कोणी पाहू नये, वेडा म्हणू नये, एवढीच त्याची काळजी.
पुढे त्याची मुलगी कळवते की वडील वारले. ती घरात नसताना. परत आली तेव्हा त्यांचे डोके पलंगावर नव्हते, त्या खुर्चीवर टेकलेले होते.

१८/
या गोष्टीत चमत्कार नाही, दृष्टान्त नाही, पंथाचे नाव नाही. एक आजारी माणूस, एक लाकडी खुर्ची आणि रोजची सवय. १ नोव्हेंबरचा सण ज्या अनामिक पावित्र्याचा आहे, त्याचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडते.
आणि लक्षात घ्या, खुर्चीत कोणीतरी ‘आहे’. हे ध्यान एका व्यक्तीशी संवाद साधते. ‘साधना’ लिहिणारे डिमेलो या टप्प्यावर ख्रिस्ती भक्तीच्या अगदी मध्यभागी उभे होते.

१९/
नंतरच्या पुस्तकांत स्वर बदलत गेला. १९८२ च्या ‘द साँग ऑफ द बर्ड’ मध्ये सूफी, झेन, हिंदू, ख्रिस्ती अशा सर्व परंपरांतील लहान लहान कथा आल्या. त्यांत रामकृष्ण परमहंसांमुळे आपल्याकडे परिचित असलेली मिठाची बाहुलीही आहे : समुद्र म्हणजे काय हे जाणायला ती पाण्यात शिरते आणि विरघळत जाते.
मराठी वाचकाला ही उपमा घरचीच वाटते. अद्वैताच्या भाषेत ती परिपूर्ण आहे. पण २ नोव्हेंबरला मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ती अस्वस्थ करणारी आहे. बाहुली विरघळली असेल, तर हाक कोणाला मारायची?

२०/
१ जून १९८७. व्याख्यानांसाठी डिमेलो न्यूयॉर्कला पोहोचले होते. मुक्काम फोर्डम या येशूसंघीय विद्यापीठात. २ जूनच्या सकाळी ते खोलीत मृतावस्थेत आढळले. हृदयविकाराचा झटका. वय ५५.
ज्याने शेकडो लोकांकडून अंत्ययात्रेचा सराव करून घेतला, त्याच्या अंतकाळी कोणीही साक्षीला नव्हते. पार्थिव मुंबईला आणले गेले आणि वांद्र्याच्या सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत दफन झाले.

२१/
यानंतर मृताच्या नावावर जे घडते ते घडू लागले. व्याख्यानांच्या ध्वनिफिती उतरवून पुस्तके निघाली. त्यांतील ‘अवेअरनेस’ (१९९०) हे तर आज त्यांचे सर्वांत परिचित पुस्तक ठरावे. डिमेलो उत्तम वक्ते होते. ते श्रोत्यांना चिडवत, धक्का देत, अतिशयोक्ती करत. बोलताना भुवई उंचावून सोडलेले वाक्य कागदावर आले की भुवई गळून पडते आणि वाक्य सिद्धान्त होते. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक कधीही विसरू नये. लेखकाने तपासलेले पुस्तक आणि लेखकाच्या मृत्यूनंतर जुळवलेले पुस्तक ही दोन वेगळ्या वजनाची साधने आहेत.

२२/
२४ जून १९९८. रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाची सूचना. सही कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांची, जे २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे झाले.
सूचनेचा सूर सरसकट निषेधाचा नाही. सुरुवातीच्या लेखनात पौर्वात्य शहाणपणाचे मोलाचे घटक आहेत, असे ती मान्य करते. पण पुढे लेखक ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जात गेला, असे ती म्हणते. काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत आणि गंभीर हानी करू शकणारी ठरवली गेली.
आक्षेपांमध्ये दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न लेखक गैरलागू मानतो, ही एक. आणि पाण्यात मीठ विरघळावे तसे माणसाने व्यक्तिरूप नसलेल्या ईश्वरात विरघळण्याची भाषा तो करतो, ही दुसरी.

२३/
रोमला ही बाब एवढी गंभीर का वाटली? आठव्या मुद्द्यातील ‘विशिष्ट व्यक्ती’ येथे परत येते. मृत माणूस ‘तोच’ राहत नसेल तर नोव्हेंबरच्या प्रार्थनेला पत्ता उरत नाही. पाकिटातील नावांची यादी निव्वळ कौटुंबिक नोंद बनते. हजार वर्षांची प्रथा एका उपमेने पोकळ होऊ शकते, ही भीती निराधार म्हणता येत नाही.
पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. कथा म्हणजे धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे. डिमेलो यांनी मरणाचा प्रयोग लावला तो परलोकाचा नकाशा काढण्यासाठी नव्हे. आज संध्याकाळी भेटणाऱ्या माणसाकडे नीट पाहता यावे, यासाठी. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की प्रतिवादी ११ वर्षांपूर्वीच वारला होता. कोणते वाक्य आपले आणि कोणते ध्वनिफीत उतरवणाऱ्याचे, हे सांगायला तो येऊ शकत नव्हता.

२४/
पुस्तकांवर पूर्ण बंदी आली नाही. पुढच्या आवृत्त्यांत एक टीप दिसू लागली : ही पुस्तके बहुधर्मीय वातावरणात, इतर धर्मांच्या अनुयायांना, अज्ञेयवाद्यांना आणि नास्तिकांनाही त्यांच्या शोधात साहाय्य व्हावे म्हणून लिहिली गेली, कॅथलिकांना धर्मसिद्धान्त शिकवण्याची पाठ्यपुस्तके म्हणून नव्हे.
टीप नीट वाचली तर ती बचावही आहे आणि वर्णनही. लोणावळा आणि भाजे यांच्यामध्ये राहणाऱ्या माणसाने दुसऱ्या कोणत्या वातावरणात लिहिले असते?

२५/
त्या अंत्यविधीच्या प्रयोगातील एक बारकावा शेवटी पाहू. साधकाने प्रवचन ऐकायचे असते. पण प्रवचनकाराला थांबवायचे, त्याची चूक दुरुस्त करायची, अशी सूचना त्यात नाही. लोक काय म्हणतात ते ऐकायचे, मनात काय उमटते ते पाहायचे आणि त्यांना घरी जाऊ द्यायचे. १९९८ मध्ये डिमेलो यांच्याविषयी जे प्रवचन झाले, त्यात त्यांची भूमिका नेमकी एवढीच होती.

२६/
मुंबईच्या दफनभूमींत जागा अपुरी आहे. काही वर्षांनी कबर पुन्हा उघडली जाते, जुनी हाडे भिंतीतील कोनाड्यात जातात आणि तीच माती पुढच्या मृताला मिळते. प्रेतध्यानातील शेवटच्या पायऱ्या तेथे गवंड्याच्या हाताने पार पडतात. तरीही २ नोव्हेंबरला त्या कोनाड्यांसमोर लोक नाव वाचतात, दगड पुसतात आणि मेणबत्तीची वात वाऱ्यापासून हाताने आडोसा करून पेटवतात.